यानाचा करडा रंग नेमका कोणता?

१. आकडा तोच, रंग वेगळा

गंगाखेडमध्ये घरी बसून अंतराळयान घडवायला आता फारसं काही लागत नाही. बऱ्यापैकी संगणक, ब्लेंडर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि चिकाटी एवढ्यावर काम भागतं. तबकडी, नळकांडी, खिडक्यांच्या रांगा हे सगळं सरावानं जमून जातं. गाडी अडते ती रंगापाशी. मालिकेतलं दृश्य थांबवायचं, यानावर ड्रॉपर टेकवून रंग उचलायचा आणि आलेला आकडा आपल्या यानाला द्यायचा. हे सगळं बिनचूक करूनही यान मळकट दिसतं, पिवळट मारतं. आकडा तोच असताना रंग का बदलला, हा शिकणाऱ्यांचा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून अवघड आहे: मुळात या यानाचा खरा रंग कोणता?

या प्रकरणात आपण ‘स्टार ट्रेक’ मालिकेतलं एंटरप्राइझ यान समोर ठेवू. जगभरच्या हौशी कलाकारांनी रंगावरून जितका खल या यानाचा केला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या यानाचा झाला असेल. शिवाय त्याची मूळ प्रतिकृती आजही शाबूत आहे, त्यामुळे खरं-खोटं ताडून पाहायला जागा आहे.

२. एका यानाचे चार रंग

एंटरप्राइझचं संकल्पन मॅट जेफरीज यांचं. मोठी प्रतिकृती १९६४ च्या अखेरीस रिचर्ड डेटिन आणि त्यांच्या सोबतच्या कारागिरांनी बांधली. लांबी सुमारे ११ फूट. लाकूड, प्लॅस्टिक आणि पत्रा वापरून केलेली. दिव्यांच्या तारा डाव्या बाजूनं बाहेर काढल्या होत्या, म्हणून ती बाजू अर्धवटच ठेवली आणि चित्रीकरण उजव्या अंगानं केलं. मालिका १९६६ ते १९६९ या काळात दाखवली गेली.

आता या एकाच यानाचे रंग मोजू. कारागिरानं डब्यातून काढून फवारला तो पहिला. तोच थर वर्षानुवर्षं उजेड, धूळ आणि हाताळणी सोसून आज जसा दिसतो तो दुसरा. स्टुडिओच्या दिव्याखाली चित्रित होऊन फिल्मवर उतरला तो तिसरा. आणि टीव्हीच्या पडद्यावरून घरात पोचला तो चौथा.

तिसऱ्या रंगात फार घालमेल झालेली असते. त्या काळी प्रतिकृती निळ्या पडद्यासमोर ठेवून चित्रित करत आणि नंतर निळा भाग गाळून तिथे तारे भरत. पडद्याचा निळा उजेड यानाच्या फिकट अंगावर सांडायचा. गाळणी आणि जोडणी करताना एका फिल्मवरून दुसऱ्या फिल्मवर नक्कल व्हायची, आणि प्रत्येक नकलेत रंग थोडा सरकायचा. त्यात मालिकेची अंतराळदृश्यं एकाहून जास्त कंपन्यांनी तयार केली. म्हणून एकाच भागात यान एका दृश्यात निळसर, तर पुढच्यात जवळजवळ पांढरं दिसतं. निळ्या पडद्याचा जाच इतका होता की ‘स्टार वॉर्स’ (१९७७) करताना निळ्या पट्ट्यांची लढाऊ यानं लाल पट्ट्यांची करावी लागली. निळा पट्टा पडद्याबरोबरच गाळला गेला असता.

यान पांढरं होतं, निळसर होतं की करडं होतं, यावर भांडणारे तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. प्रत्येकानं वेगळ्या क्रमांकाचा रंग धरलेला असतो. माझं मत स्पष्ट आहे. डिजिटल प्रतिकृती करणाऱ्यानं पहिला रंग धरावा, म्हणजे कारागिरानं लावलेला. तो हाती असेल तर वर जुनेपणा चढवून, दिवे आणि कॅमेरा बदलून उरलेले तिन्ही तयार करता येतात. चौथ्यावरून मागे पहिल्याकडे जाणं मात्र फार कठीण.

३. दिव्याचा हिशेब दोनदा

साडीवर ब्लाउजपीस जुळवताना आपण दुकानाच्या दारात येतो आणि दोन्ही कापडं उन्हात धरून पाहतो. आत ट्यूबखाली जुळलेले रंग बाहेर फुटतात, हे प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक असतं. रंगाचं सगळं शास्त्र त्या दारातल्या कृतीत आहे. डोळ्यापर्यंत येतो तो नुसता कापडाचा रंग नसतो. दिव्यात जे होतं त्यातलं कापडानं परत पाठवलेलं तेवढं येतं.

परभणी-परळी मार्गावरच्या गंगाखेड स्टेशनचा पिवळा फलक घ्या. भर दुपारी त्याचा फोटो काढा, मावळतीला काढा आणि रात्री दिव्याखाली काढा. तिन्ही फोटोंत ड्रॉपरनं फलकाचा पिवळा उचला. तीन वेगळे आकडे येतील. मावळतीचा तर नारिंगीकडे झुकलेला असेल. फलक कुणी दिवसातून तीनदा रंगवलेला नाही. बदलला तो फक्त उजेड.

आता हे गणितात मांडू. लाल, हिरवा आणि निळा असे उजेडाचे तीन वाटे धरा. एक साधा करडा पत्रा तिन्ही वाटे सारखेच, ४० टक्के, परत पाठवतो. त्यावर पिवळट दिवा लावला. या दिव्यात लाल १००, हिरवा ८० आणि निळा ५० आहे. कॅमेऱ्याला पत्र्याकडून मिळेल लाल ४०, हिरवा ३२, निळा २०. हे आकडे पाहून कुणीही म्हणेल की पत्रा तपकिरी आहे.

इथेच चूक घडते. हे आकडे आपण ‘पत्र्याचा रंग’ म्हणून संगणकाला देतो आणि दृश्यात पुन्हा तसाच पिवळट दिवा लावतो. संगणक इमानदारीनं गुणाकार करतो: लाल ४०, हिरवा सुमारे २६, निळा १०. दिव्याचा हिशेब दोनदा लागला आणि यान मळकट झालं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

उपाय सोपा आहे. फोटोत यानाशेजारी रंगहीन पांढरी वस्तू असेल आणि ती तिन्ही वाटे ९० टक्के परत पाठवते हे माहीत असेल, तर त्याच दिव्यात तिचे आकडे येतील ९०, ७२ आणि ४५. पत्र्याच्या प्रत्येक आकड्याला पांढऱ्याच्या आकड्यानं भागा. ४० भागिले ९०, ३२ भागिले ७२, २० भागिले ४५. तिन्हींचं उत्तर ०.४४४. त्याला ९० टक्क्यांनी गुणलं की तिन्ही वाट्यांना ४० टक्के. दिवा निघून गेला आणि पत्रा उरला.

अशी पांढरी वस्तू म्हणून झेरॉक्सचा कागद वापरू नका. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली द्रव्यं उन्हातल्या अतिनील किरणांनी निळसर चमकतात आणि सगळा हिशेब पिवळ्याकडे ढकलतात. फोटोच्या सामानाच्या दुकानात मिळणारं करडं कार्ड उत्तम. ते नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातली नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप घ्या आणि पुठ्ठ्यावर तिचे दहा-बारा थर एकावर एक गुंडाळा. प्रयोगशाळांमध्ये रंग मोजताना पांढऱ्याचं प्रमाण म्हणून ज्या तबकड्या वापरतात, त्यांतल्या पुष्कळशा याच पदार्थाच्या असतात.

४. १२८ म्हणजे निम्मं नव्हे

वरच्या गणितात आपण उजेडाचे टक्के वापरले. ड्रॉपर मात्र ० ते २५५ असा आकडा देतो, आणि तो टक्क्यांच्या सरळ प्रमाणात नसतो. माणसाच्या डोळ्याला काळोख्या छटांमधले फरक जास्त बारकाईनं कळतात, म्हणून फोटोच्या फाइलीत अंधाराकडच्या छटांना जास्त जागा दिलेली असते. एसआरजीबी या नेहमीच्या पद्धतीत १२८ हा आकडा मधला दिसतो खरा, पण तो जेमतेम २२ टक्के उजेडाचा आहे. निम्मा उजेड हवा असेल तर आकडा १८८ लागतो.

आणखी काही खुणा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. छायाचित्रकारांचं १८ टक्क्यांचं करडं कार्ड म्हणजे ११८. ३५ टक्के परत पाठवणारा करडा म्हणजे १६०. ताजा पांढरा रंग साधारण ८० टक्के उजेड परत पाठवतो, त्याचा आकडा २३१. यान पांढरं आहे म्हणून २५५ टाकणं हा शिकणाऱ्यांचा हमखास प्रकार. त्याचा अर्थ होतो, पडलेला सगळा उजेड परत पाठवणारा रंग, आणि असा रंग कुठल्याच डब्यात मिळत नाही. संगणकातल्या अशा यानावर सावल्या धड उमटत नाहीत, कडा विरघळतात, आणि मग दिवे कमी-जास्त करण्यात रात्री जातात.

ब्लेंडरमध्ये इथे एक खाच आहे. रंगाच्या चौकटीतला हेक्स आकडा (० ते २५५ हेच आकडे सोळाच्या पायात लिहिण्याची रीत) एसआरजीबी धरला जातो. त्याच चौकटीतले ० ते १ चे लाल, हिरवा, निळा हे रकाने बऱ्याच आवृत्त्यांत सरळ उजेडाचं प्रमाण धरतात. तिथे तिन्हींत ०.५ लिहिलं की हेक्समध्ये १८८ चा करडा दिसतो. फोटोतला १२८ हा आकडा २५५ नं भागून त्या रकान्यांत भरला, तर यान दुपटीहून जास्त उजळ होईल.

दुसरी खाच पडद्याकडची. ब्लेंडर ४.० पासून तयार चित्र ‘एजीएक्स’ नावाच्या चाळणीतून दाखवलं जातं. झगमगीत उजेड मवाळ करायला ती छान आहे, पण ती चालू असताना रंगाचा आकडा पडद्यावर जसाच्या तसा उमटत नाही. जुळवणी चालू असेल तोवर ‘व्ह्यू ट्रान्सफॉर्म’ स्टँडर्डवर ठेवा. खात्रीसाठी स्वतः उजळणारा एक चौकोन करा, त्याला ०.१८ प्रमाण द्या आणि तयार चित्रात ड्रॉपर टेकवा. ११८ आला की यंत्रणा सरळ आहे. लॅपटॉपचा किंवा मोबाइलचा रात्रीचा पिवळा मोड बंद आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

५. तबकडीच्या माथ्यावरचा थर

आता मूळ रंगाकडे येऊ. एंटरप्राइझची मोठी प्रतिकृती १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियमकडे आली. पुढे तिची वेळोवेळी डागडुजी झाली आणि अंगावर नवे थर चढत गेले. १९९१ च्या मोठ्या दुरुस्तीत यान जवळजवळ पूर्ण रंगवलं गेलं. पत्र्याचे तुकडे वेगवेगळे दिसावेत म्हणून तेव्हा रेषा आणि सावल्या इतक्या ठळक मारल्या की मालिकेवर जीव असलेल्या लोकांनी त्यावर जोराचा आक्षेप घेतला. माझ्या मते तो रास्त होता. दुरुस्त करणाऱ्याला प्रतिकृती जवळून दिसते, म्हणून जवळून शोभेल असं काम करण्याचा मोह होतो. ती बांधली होती दुरून चित्रित करण्यासाठी.

तरी त्या दुरुस्तीत एक शहाणपणाचा निर्णय झाला. तबकडीचा माथा, म्हणजे वरचा पृष्ठभाग, मुद्दाम रंगवायचा सोडला. १९६० च्या दशकातला मूळ थर तिथे तसाच राहिला. २०१४ मध्ये यान प्रदर्शनातून उतरवून पुन्हा कामाला घेतलं, तेव्हा हाच माथा प्रमाण ठरला. क्ष-किरणांनी आतली बांधणी पाहिली, वरचे थर तपासत खालच्या रंगापर्यंत पोचले आणि बाकीचं यान त्या माथ्याशी जुळवून घेतलं. २०१६ मध्ये ते म्युझियमच्या मुख्य दालनात आलं. पडद्यावर कधी निळं तर कधी पांढरं भासणारं हे यान प्रत्यक्षात फिकट करडं आहे, आणि माथ्यावरच्या चौकटी पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं ओढलेल्या आहेत.

पण मूळ थर म्हणजे मूळ रंग, असं घाईनं समजू नये. रंगाला धरून ठेवणारं द्रव्य वर्षांनुवर्षं हवेत पिवळत जातं, काही रंगद्रव्यं उजेडानं विटतात. म्हणून जतन करणारे लोक शक्य तिथे झाकलेली जागा शोधतात: एखाद्या खिळ्याखालचा, पट्टीखालचा किंवा सांध्याच्या आतला भाग, जिथे उजेड पोचलाच नाही. डिजिटल काम करणाऱ्यानं म्युझियममधले फोटो पाहताना हीच नजर ठेवावी. शिवाय पाहुण्यांनी काढलेले बरेच फोटो काचेआडून असतात, आणि दालनातल्या दिव्यांचा हिशेब आपल्याला माहीत नसतो. अशा वेळी फोटोत दुसरी ओळखीची वस्तू सापडते का ते पाहावं. ती सापडली तर तिसऱ्या भागातला भागाकार इथेही चालतो.

६. पत्र्यावरचा करडा

वॉशिंग्टनला न जाता खरा करडा हाताशी ठेवता येतो. गावातल्या पेंटच्या दुकानातून पांढरं आणि काळं इनॅमल थोडं-थोडं आणा. डब्याच्या झाकणाएवढा पत्रा साफ करून त्यावर प्रायमर मारा. मग पांढऱ्यात काळा अगदी काडीच्या टोकानं मिसळत जा. एक गोष्ट चटकन लक्षात येईल: नुसत्या पांढऱ्या-काळ्यातून होणारा करडा साधा राहत नाही, तो थंड आणि निळसर दिसतो. तो निळेपणा मारायला थोडा पिवळा स्टेनर घालावा, तर करडा हिरवटाकडे सरकतो. मग तांबड्याचा थेंबभर आधार द्यावा लागतो. कसलेले पेंटर हे बोलून दाखवत नाहीत, हातानं करतात. एंटरप्राइझच्या रंगावरून ‘निळसर करडा की हिरवट करडा’ असा वाद का चालतो, हे पत्र्यावर दहा मिनिटं घालवली की उमगतं. तो सगळा खेळ थेंबाचा आहे.

दोन हात मारून पत्रा पूर्ण वाळू द्या. ओला रंग आणि वाळलेला रंग एकसारखा दिसत नाही. सकाळी दहा-अकराच्या उन्हात पत्रा आणि टेफ्लॉनचा पुठ्ठा शेजारी-शेजारी ठेवा, मोबाइलचा व्हाइट बॅलन्स एका जागी बांधून घ्या आणि उन्हाची चकाकी लेन्समध्ये येणार नाही असा पत्रा किंचित तिरका करून फोटो काढा. लिंबाच्या सावलीत काढू नका, पानांतून येणारा उजेड हिरवा असतो. रंगवलेल्या भिंतीजवळही नको. नुसत्या मोकळ्या सावलीत निळ्या आभाळाचा उजेड जास्त असतो, म्हणून तिथे करडा पुन्हा निळा मारतो. मराठवाड्यातलं स्वच्छ ऊन या कामाला फार उपयोगी आहे.

मिश्रण पुन्हा तसंच करता यावं म्हणून जगानं रंगांना क्रमांक दिले. जर्मनीत १९२७ मध्ये आरएएल सुरू झालं. आपल्याकडे कारखान्यांतल्या विजेच्या पॅनेलांवर नेहमी दिसणारा फिकट करडा म्हणजे त्यातला ७०३२. अमेरिकेत १९५६ मध्ये फेडरल स्टँडर्ड ५९५ आलं. भारतात आयएस ५ हे प्रमाण आहे, आणि त्यात ६३२ म्हणजे गडद अ‍ॅडमिरल्टी ग्रे, ६९७ म्हणजे फिकट अ‍ॅडमिरल्टी ग्रे. क्रमांक सांगितला की गंगाखेडच्या आणि मुंबईच्या दुकानात एकाच छटेकडे बोट जातं. पण क्रमांकाशेजारी कुणीतरी दिलेला हेक्स आकडा डोळे झाकून घेऊ नका. तो कुठल्या उजेडात मोजला, कुठल्या पद्धतीनं बदलला, हे बहुधा लिहिलेलं नसतं. दोन ठिकाणचे आकडे जुळत नसतील तर शेड कार्ड उन्हात धरून आपल्या डोळ्यांनी निवाडा करावा.

७. चमकही रंगातच मोजायची

फेडरल स्टँडर्डच्या पाच आकडी क्रमांकात एक मोलाची गोष्ट आहे. पहिला आकडा चमक सांगतो: १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे मध्यम, ३ म्हणजे मॅट. १६४४० आणि ३६४४० हा एकच करडा आहे, पहिला चकचकीत, दुसरा मॅट. दोन्ही शेजारी ठेवले तर अनोळखी माणूस त्यांना दोन वेगळे रंग म्हणेल.

१९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटासाठी एंटरप्राइझची नवी प्रतिकृती बांधली. पॉल ओल्सन यांनी तिच्यावर मोत्यासारखी झाक असलेले रंग एअरब्रशनं फवारले. पाहणाऱ्याची जागा बदलली की पत्र्याच्या चौकटी उजळायच्या, मावळायच्या. यान अफाट मोठं वाटण्यात या झाकेचा वाटा फार मोठा होता. पुढच्या चित्रपटाच्या वेळी काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं. त्यांच्या निळ्या पडद्याचं प्रतिबिंब ती झाक पकडू लागली, तेव्हा चमक मारण्यासाठी वरून मॅटचा थर दिला गेला. रंगद्रव्य तेच राहिलं, तरी दोन चित्रपटांतली यानं वेगळी दिसतात. ती झाक दबली याचं मला आजही वाईट वाटतं.

संगणकात हा गुण ‘रफनेस’ नावाच्या वेगळ्या रकान्यात असतो. मोत्याची झाक आणायला मूळ रंगात पांढरा वाढवत बसू नये. करडा एकच ठेवून चौकटीगणिक रफनेस थोडा कमी-जास्त करावा.

८. मूळ प्रतिकृतीच नसेल तेव्हा

आपण वाचलेल्या मराठी विज्ञानकथेतलं यान करायला घेतलं, तर जुळवायला पत्राही नाही आणि फिल्मही नाही. तेव्हा रंग त्या यानाच्या कामातून काढावा. अमेरिकेच्या स्पेस शटलची मोठी बाह्य टाकी १९८१ च्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी रंगवलेली होती. तिसऱ्यापासून रंग देणं बंद केलं आणि सुमारे २७० किलो वजन वाचलं. त्यानंतर जगाला ओळखीची झालेली नारिंगी टाकी म्हणजे उघडा फोम, आणि तो फोम उन्हात राहिला की आणखी गडद होत जातो. रंगाला वजन असतं, किंमत असते, वय असतं. आपल्या कथेतलं यान श्रीहरिकोट्याहून उडणार असेल तर त्याचा करडा आयएस ५ च्या तक्त्यातून घ्यायला काय हरकत आहे? ६९७ सर्वांगाला, ६३२ सांध्यांना आणि झडपांना, इशाऱ्याच्या पट्ट्यांसाठी ५३७ हा सिग्नल रेड. पत्र्यावर तिन्ही रंगवून, उन्हात फोटो काढून, टेफ्लॉननं भागाकार करून आकडे काढायचे.

जुनेपणा मात्र मूळ रंगात मिसळू नका. तळाचा रंग, चौकटींमधला बारीक फरक, काजळी आणि ओरखडे हे थर सुटे ठेवा, म्हणजे एकेक बंद करून पाहता येतं. आणि दुरून दिसणारं यान फिकट करू नका. गोदावरीच्या पुलावरून पाहताना पलीकडची झाडं निळसर-फिकट दिसतात ती मधल्या हवेमुळे. अंतराळात हवाच नाही. तिथे हजार किलोमीटरवरच्या यानाचा करडा जवळच्या यानाइतकाच ठसठशीत राहतो आणि त्याची सावलीची बाजू जवळजवळ काळी पडते.